कडक पाटे

माझं अर्धं आयुष्य गाड्यांखाली उताणं पडून गेलं. रस्त्याने गाडी आली की लोक तिचा रंग बघतात, नंबर बघतात. मी ती कुठल्या बाजूला बसलीय ते बघतो. अजूनही. नातवाला न्यायला येणाऱ्या शाळेच्या व्हॅनचा मागचा डावा पाटा मेलाय, हे मी त्या ड्रायव्हरला तीनदा सांगितलं. तो हसतो आणि हॉर्न वाजवून निघून जातो.

हे वेड नांदेडला लागलं. भोकरच्या रस्त्याला एका उस्तादांची भट्टी होती, तिथे मी सहा वर्षं काढली. काम एकच, गाड्यांचे पाटे. पाटे म्हणजे चाकांच्या वर एकावर एक रचलेल्या, धनुष्यासारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीचं सगळं ओझं आणि रस्त्याचे सगळे गचके त्यांनीच सोसायचे. सोसून सोसून पट्टी सपाट झाली की आम्ही ती भट्टीत लाल करायची, ऐरणीवर ठोकून पुन्हा कमान द्यायची, तेलात विझवायची आणि परत हलका शेक द्यायचा. शेक पुरता झाला की नाही हे बघायला उस्ताद लाकडाची काडी पट्टीवर घासत. काडीतून बारीक ठिणग्या निघाल्या की बस, काढा बाहेर. त्यांच्याकडे मोजायचं यंत्र नव्हतं आणि त्यांचा एकही पाटा परत आलेला मी पाहिला नाही.

उस्ताद एरवी मराठी बोलत, रागावले की दखनीत येत. माझ्याशी ते बहुतेक दखनीतच बोलले. माझी खोड अशी, की केलेलं काम पुन्हा कुणी उघडू नये असं मला वाटायचं. पाट्यांचा गठ्ठा एक्सलला आवळून धरणारे जे यू-बोल्ट असतात, त्यांचे नट चालून चालून ढिले होतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी कसावे लागतात. मी एकदा एका ट्रकचे नट कसले आणि वरून वेल्डिंगचा टाका मारून टाकला. आता बघू कसे ढिले होतात. उस्तादांनी ते पाहिलं आणि हातातली चहाची बशी खाली ठेवली.

"नट कू वेल्ड नक्को मारो, मियाँ. पाटा खुलने की चीज है. आज कसे सो कल खोलनाच पडता."

मी मान डोलावली. पटलं मात्र नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला रोज नवं गिऱ्हाईक पाहिजे म्हणून असं बोलतो. तेव्हा मी असाच होतो, शिकवणाऱ्याच्या हेतूवर आधी शंका घ्यायची.

पुढे लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादला खेटे घालायचं बंद झालं म्हणून गावोगाव पेढे वाटले गेले. नव्या जिल्ह्याला नवी हापिसं आली, हापिसांना जीपगाड्या आल्या, आणि रस्ते मात्र तेच राहिले. माझ्या धंद्याला आणखी काय पाहिजे? मी नांदेड सोडलं आणि लातूरच्या बाहेर एक पत्र्याचं शेड टाकलं. आईला वाटलं, पोरगं घराजवळ आलं. मला वाटलं, आता मीच उस्ताद.

मग दुष्काळ पडला. एक वर्ष गेलं, दुसरं त्याहून कोरडं गेलं. आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूला, डांबरी रस्त्यापासून सात किलोमीटर आत. मधे दोन नाले, एक खडकाळ उतार आणि बाकी काळ्या मातीतल्या गुडघाभर चाकोऱ्या. टँकर फाट्यापर्यंत यायचा, पुढे येऊच शकत नव्हता. एकदा आला तर पहिल्याच नाल्यात आडवा झाला आणि सगळं पाणी वाळूत गेलं. त्यानंतर ड्रायव्हरने हात जोडले. बाया फाट्यावरून पाणी आणत, सात किलोमीटर जायचं आणि सात यायचं.

गावात एक शेतकरी होते. जमीन बरी, देवणी बैलांची नामी जोडी, आणि स्वभाव असा की एखादी गोष्ट डोक्यात घेतली की घेतली. शाळेत ते माझ्या दोन इयत्ता पुढे होते. गावात सगळे त्यांना मालक म्हणत, म्हणून मीही मालकच म्हणायचो. त्यांनी लिलावात एक लांब बांध्याची जुनी जीप घेतली आणि ती ढकलत-ओढत माझ्या शेडवर आणली.

"मिस्त्री, हिच्यात पाण्याचे तीन ड्रम बसले पायजेत. भरलेले. आन नाल्यातनं हिचं पोट घासलं न्हाई पायजे. कसं करतूस ते तू बघ."

मिस्त्री! आमच्या गावात माझ्या बापाला कुणी आयुष्यात नावापलीकडे हाक मारली नाही, आणि नावही अर्धंच. मी त्या एका शब्दावर महिनाभर राबलो, हे इथे कबूल करतो.

जीपचे मागचे पाटे मुळात सात. तीन भरलेले ड्रम म्हणजे सहाशे किलोच्या वर ओझं, सातांनी ते घेतलं नसतं. मी एका मोडीतल्या ट्रकचे जाड पाटे आणले, कापले, भट्टीत घालून त्यांना जीपच्या मापाची कमान दिली आणि प्रत्येक बाजूला तीन-तीन असे मुळातल्या गठ्ठ्यात घुसवले. पाटे ज्यांना टांगलेले असतात ते शॅकल लांब केले, त्याने गाडी चार बोटं उचलली गेली. पुढेही एकेक पाटा वाढवला. गचका जिरवणारे शॉकअप गळत होते, ते काढून फेकून दिले. एवढे पाटे असताना त्यांची गरज काय, असं माझं म्हणणं. मागे फळ्यांचा सपाट तळ केला, तो लांब केला आणि ड्रम जागचे हलू नयेत म्हणून त्यांना लोखंडी पट्टे ठोकले.

आणि शेवटी मागच्या आठही नटांना वेल्डिंगचे टाके मारले. नांदेड लांब होतं.

पहिल्या दिवशी भरलेले ड्रम घेऊन जीप दोन्ही नाल्यांतून गेली ती अशी, की झाकणाखालून थेंबभर पाणी सांडलं नाही. ओझ्याखाली पाटे बसत, सावकाश वर येत, पुन्हा बसत. गाडी म्हशीसारखी शांत चालायची. लोक बघायला आले. रिकामी परत जाताना मात्र तीच जीप उधळायची. एवढ्या पाट्यांना दाबायला वर काही ओझंच नाही, मग ते वाकणार कशाला? प्रत्येक दगड थेट माकडहाडात. मालक एकदा फाट्यावर उतरले ते कंबर धरूनच.

"रिकामी लई उसळायली की रं!"

"रिकामी चालवायचीच कशाला, मालक?" मी म्हणालो. सगळे हसले, मीही हसलो. पाणी आणायची गाडी आहे, पाणी आणते. तिच्यात कधी माणूस झोपवावा लागेल, हे कुणाच्या मनात आलं नाही. ज्याच्या यायला हवं होतं त्याच्याही नाही.

ड्रमांबद्दलही सांगायला हवं. तीनातले दोन गावाचे आणि एक आमच्या वस्तीचा. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा मी रांगत होतो. म्हणजे आम्ही बौद्ध होऊन तीस वर्षं होत आली होती. पण गावाच्या विहिरीवर आमची घागर चालायची नाही ती नाहीच. दुष्काळात विहिरी आटल्या, त्यांचे नियम आटले नाहीत, ते ड्रमांवर आले. कुणी हुकूम काढला नव्हता. ड्रम ओळखू यावा म्हणून वस्तीच्या ड्रमवर निळा पट्टा मारला होता, आणि तो मारणारा मीच. पट्टा सरळ यावा म्हणून मी सुतळी लावली होती.

दोन-अडीच महिने असे गेले. एके दिवशी मी पुढचे पाटे बघायला गावी आलो होतो आणि हौसेने पाण्याची एक फेरी स्वतःच मारली. सकाळचे दहा वाजले असतील. जीप पारापाशी उभी, दोन बाजूंना बायांच्या दोन रांगा, निम्मं पाणी घागरींत गेलेलं. तेवढ्यात मळ्याकडून आरडाओरडा आला. मालक स्वतःची विहीर खोल करायला गड्यांबरोबर उतरले होते. पाय ठेवायचा खडकाचा टप्पा तुटला आणि ते पाठीवर खाली दगडांत पडले.

खाटेला दोऱ्या लावून त्यांना वर काढलं. गावात राहणाऱ्या नर्सबाई धावत आल्या. त्यांनी पायाची बोटं हलवायला सांगितली, ती हलली. पाठीला हात लावला तर मालक ओरडले. नर्सबाई उठून बाजूला आल्या आणि मालकांच्या धाकट्या भावाला आणि मला म्हणाल्या, "कंबरेच्या वर मणका मोडलाय. पाय अजून शाबूत हायत. पर वाटेत गचका बसून तो मणका सरकला, तर पाय गेले म्हणून समजा. जल्माचे." त्या सोबत येणार होत्या, पण गावात एक बाई अडलेली होती, तिला सोडून निघता येईना.

दुसरी गाडी नव्हती. बैलगाडीने फाट्यापर्यंतच दुपार झाली असती आणि गचके तिलाही होतेच. घराचं एक दार बिजागऱ्यांतून काढलं, त्यावर गोधड्या टाकल्या आणि मालकांना दारासकट लुगड्यांनी बांधलं. तोवर आम्ही जे कुणीही केलं असतं तेच केलं, ड्रम उतरवले. जागा व्हावी, गाडी हलकी व्हावी म्हणून. दार आत सरकवलं, धाकटा भाऊ उशाशी बसला आणि मी निघालो.

दोनशे पावलंही गेलो नसेन. गाय चालते तेवढ्या वेगाने चाललो होतो. वाटेत मुठीएवढा एक दगड आला, मागचं चाक त्यावर चढलं आणि उतरलं. पाटे दबले नाहीत, सगळा हिसका तळातून दारात आणि दारातून त्यांच्या पाठीत गेला. ती किंकाळी मी अजून विसरलेलो नाही. मी ब्रेक दाबला आणि पुढे सात किलोमीटर डोळ्यांसमोर आले. दोन नाले, खडकाळ उतार. मी जे केलं होतं ते तेव्हा मला नीट दिसलं. ही गाडी त्यांचा मणका जागेवर राहू देणार नाही. आणि ही गाडी मी बांधली.

उतरून गाडीखाली शिरलो. जादाचे तीन-तीन पाटे काढून टाकले की ती पुन्हा मऊ होणार होती. कुठल्याही मिस्त्र्याचं तासा-दीड तासाचं काम. पाना लावला. नट कसा फिरेल? आठही नटांवर माझे स्वतःचे टाके, नीट, भरीव, एकही भेग नाही. छिन्नी लावून ठोकलं तर वर मालक ओरडायला लागले, कारण प्रत्येक ठोका तळातून त्यांनाच लागत होता. गाडीखालच्या धुळीत पडून मी रडलो. रागाने रडलो, स्वतःवरच्या रागाने. तोंडाने शिव्याही चालू होत्या.

आणि मग डोकं चाललं. पाटे कमी करता येत नाहीत, तर ओझं वाढवायचं. ही गाडी ओझ्याखालीच शहाण्यासारखी वागते.

मी बाहेर आलो आणि गाडी पारापर्यंत मागे घेतली. "ड्रम वर घ्या," म्हणालो. "भरून."

धाकटा भाऊ आतूनच ओरडला, "माणूस मरायलाय आन तू पाणी भरायलास? याड लागलं का?"

मी समजावलं. घाईत जसं समजावता येतं तसं, निम्मं हाताने. कुणी म्हणालं, दगड भरा, विहिरीवर ढीग पडलाय. पण मोकळा दगड गाडीत उडतो आणि माणसावर येतो. पोती शोधून, भरून, शिवून आणेपर्यंत तास गेला असता. माणसं बसवायची तर निजलेल्या माणसाशेजारी दहाजण मावणार कुठे? ड्रमांना पट्टे ठोकलेले होते, ते जागचे हलणार नव्हते. दोन ड्रम पुढे, ड्रायव्हरच्या पाठीमागे. तिसरा मागे डाव्या हाताला. आणि त्याच्या शेजारी दाराची फळी नेमकी मावत होती.

"तोंडोतोंड भरले पायजेत," मी म्हणालो. "अर्धा ड्रम डचमळतो. त्यानं गाडी हेलकावे खाते. काठापर्यंत भरलेला गप बसतो."

तोंडोतोंड भरायचं म्हणजे वाटलेलं पाणी परत घ्यायचं. रांगेत नंबर लावून, उन्हात उभं राहून मिळालेली घागर. घरी बाळ असेल, म्हातारी सासू असेल. दुसरी फेरी होणार नव्हती, कारण जीपच लातूरला चालली होती. मी ते मागितलं आणि क्षणभर कुणीच हललं नाही. मला वाटलं, संपलं.

मग माझी चुलती पुढे आली. तिच्या डोक्यावर एक आणि काखेत एक अशा दोन घागरी होत्या. "वत गं माय," ती मागच्या बाईला म्हणाली, "गाडी जड पायजे म्हनतंय ना पोरगं." आणि जो ड्रम जवळ होता त्यात तिने दोन्ही घागरी ओतल्या. जवळ होता तो गावाचा होता. तिने पट्टा बघितलाच नाही की बघून न बघितल्यासारखं केलं, मला सांगता येणार नाही. तिच्यामागे वस्तीच्या सगळ्या आल्या, आणि मग गावाच्या. काही घरी पोचलेल्या होत्या, त्या भरल्या घागरी घेऊन पळत परत आल्या. जिला जो ड्रम सापडेल त्यात पाणी पडत होतं. एक बाई निळ्या पट्ट्याच्या ड्रमसमोर घागर वर धरून थांबली, आजूबाजूला बघितलं, आणि ओतली. मालक दारावर निजून हे सगळं बघत होते. ड्रम त्यांच्या डोळ्यांपासून दोन हातांवर होता.

तिन्ही ड्रम भरले, झाकणं रबरी ट्यूबने आवळून बांधली, चाकांतली थोडी हवा सोडली. दुसऱ्यांदा निघालो. त्याच दगडावर मागचं चाक चढलं. पाटे दबले, सावकाश उठले. मी कान मागे ठेवला होता. मालक नुसते हुंकारले. धाकटा म्हणाला, "चल. चल असंच."

सात किलोमीटरला आम्हाला दोन तास लागले. नाल्यात उतरायच्या आधी मी गाडी थांबवून पायी जाऊन वाट बघून यायचो, मोठे दगड हाताने बाजूला करायचो. डांबरी लागली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पत्र्यासारखं ऊन. डांबरीलाही मधेमधे खड्डे होते, तेवढ्या पट्ट्यात बैलगाड्याही आम्हाला मागे टाकून गेल्या.

फाटा सोडून थोडं पुढे गेलो असू. मालक म्हणाले, "पाणी."

मी आरशात बघितलं. धाकटा ड्रमाकडे बघत होता. तीन ड्रम, काठापर्यंत भरलेले, आणि तिन्हींत सगळ्यांच्या घागरी. कुठला आपला आणि कुठला त्यांचा, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. तो झाकण सोडून पाणी देऊ शकत होता. देत नव्हता, आणि देत नाही असंही म्हणू शकत नव्हता. फाट्यावरचं हॉटेल पाण्यावाचून बंद पडलेलं होतं, नाहीतर तो तिथे उतरला असता. मालक पुन्हा म्हणाले, "पाणी दे रं."

तेव्हा मी बोललो. स्टेअरिंगवरून मान न वळवता म्हणालो, "मणक्याच्या पेशंटला पाणी द्यायचं नसतं, मालक. डॉक्टरनं बघितल्यावरच."

असं मला कुणी सांगितलं नव्हतं. नर्सबाई पाण्याबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या. ते माझ्या तोंडातून आपोआप आलं. धाकट्याची अडचण मी सोडवली, आणि माझीही. कारण त्याने नाही दिलं तर मी गाडी थांबवून द्यायला हवं होतं, आणि माझ्या हाताने मालकांच्या तोंडाला पाणी लावायचं, हे माझ्या हाताला जमत नव्हतं. मी ट्रकचे पाटे वाकवणारा माणूस. धम्मपरिषदेला जाणारा, सभांतून तावातावाने बोलणारा. आणि सहाशे लिटर पाणी पाठीशी घेऊन मी एका तहानलेल्या माणसाला खोटं सांगितलं. त्यानंतर त्यांनी मागितलं नाही. ओठांवरून जीभ फिरवत पडून राहिले.

त्या पाण्याचं पुढे काय झालं ते आधी सांगतो, कारण ही गोष्ट ऐकली की सगळे तेच विचारतात. ते पाणी मी दिवस मावळायच्या आत गावी परत नेलं. बाया पारावर बसून होत्या. आधी त्यांनी पायांचं विचारलं, मग घागरी उचलल्या. त्या दिवशी पट्टा कुणी बघितला नाही. आठ दिवसांनी गेलो तर निळा पट्टा नव्याने मारलेला होता. तो मी मारला नव्हता, आणि सुतळी लावलेली नव्हती, वाकडा आला होता. मधल्या दिवसांत मी छिन्नीने आणि गॅसने आठही नट कापले. जादा पाटे वेगळे काढून वर असे बसवले, की ओझं आलं तरच ते टेकावेत, एरवी मोकळे राहावेत. शॉकअप नवे घातले. नटांवर दुसरे नट चढवले आणि दर महिन्याला स्वतः जाऊन कसत राहिलो. रिकामी जीपही मग माणसासारखी चालायला लागली. एवढं आधीच करता आलं असतं.

तर आम्ही लातूरला सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. दारासकट मालकांना आत नेलं, एक्स-रे काढला. आम्ही दोघं बाहेर भिंतीला टेकून उभे राहिलो. तासाभराने तरुण डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, मणका मोडलाय पण सरकलेला नाही, ऑपरेशन लागणार नाही, तीन महिने प्लास्टरमध्ये पडून राहावं लागेल आणि मग हा माणूस चालेल. धाकटा मटकन खालीच बसला.

डॉक्टर जाता जाता वळले. "पण इतका कोरडा कसा पडला पेशंट? जीभ लाकडासारखी झालीय. वाटेत पाणी कामून नाही दिलं?"

धाकट्याने माझ्याकडे बघितलं. "झाकणं बांधलेली होती," मी म्हणालो. डॉक्टरांना काही समजलं नाही. "द्या आता घोट घोट," म्हणाले आणि गेले.

मी जीपकडे गेलो. जो ड्रम हाताशी आला त्याची ट्यूब सोडली, दवाखान्यातला तांब्या बुडवला आणि आत आलो. मालक डोळे मिटून पडले होते. मी खाटेशी उभा राहिलो. आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून आधी सांगून टाकलं.

"मालक, हे ड्रमातलंय. सगळ्यांचं एकत्र झालेलंय."

त्यांनी डोळे उघडले. आवाज कोरडा, तुटका आला त्यांचा.

"मला दिसत हुतं की. मी तिथंच निजल्यालो." मग म्हणाले, "मी पाणी मागितलं हुतं रं. कुणाचं हाय ते इचारलं न्हवतं."

मी तांब्या त्यांच्या ओठांना लावला. थोडं पाणी गळ्यावर सांडलं. त्यांनी घोट घोट करत सगळं संपवलं आणि म्हणाले, "आजून."

धाकटा माझ्या मागेच उभा होता. त्याने माझ्या हातातून तांब्या घेतला आणि तो भरायला स्वतः जीपकडे गेला.